ठाण्यात जमा

गिरणीवाल्या काकूंची पहिलीवहिली दुनळी बंदूक पोलीस ठाण्यातून चोरीला गेली. पण हवालदाराच्या मते तसं काही घडलंच नव्हतं. घर बळकावायला टपलेल्या दिराला धाक राहावा म्हणून काकूंनी ती घेतली, आणि आठवड्याभरातच निवडणूक लागली म्हणून नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केली. निकालानंतर त्या न्यायला आल्या.

"ती इथे नाही."

"म्हणजे चोरीला गेली."

"काकू, ठाण्यात कधी चोरी होते का?"

"सकाळी दीर तीच खांद्यावर टाकून माझ्या दारावरून शीळ घालत गेला."

"घरचं भांडण घरात मिटवा."

काकूंनी दातओठ खात कागद ओढला आणि अर्ज लिहिला : 'माझ्या खुनाची तक्रार आजच नोंदवून घ्यावी, नंतर मला समक्ष हजर राहता येणार नाही, ही नम्र विनंती.'