पायाळू

"बोला सत्यभामाबाई. भिऊ नका. जे खरं आहे ते सगळ्यांसमोर बोला," असं म्हणून विजयमालाबाईंनी माईक तिच्या हातात दिला.

टाळ थांबले होते. मृदंगवाल्याने शाईवर हात आडवा ठेवला होता. धर्मराज महाराज नारदाच्या गादीवरून आपण होऊन मागे सरकले होते आणि उपरण्याने घाम टिपत होते. तेराव्याचं कीर्तन असं मध्येच कुणासाठी थांबत नाही. पण महाराज म्हणाले होते, "बोलू द्या इद्यापीठाच्या बाईला. इद्या बी पांडुरंगाचीच हाय."

तेरावं दोघींचं होतं. साखराबाईचं, आणि सत्यभामाच्या मंगलचं. मंगल कॉलेजला जाणारी, दिवाळीच्या सुट्टीत आईला हातभार लावायला रानात आलेली. तिघी सोयाबीन काढत होत्या. आभाळ गडगडलं तशा बांधावरच्या चिंचेखाली पळाल्या.

पण सत्यभामा पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आलेली. पायाळूची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण निघते, म्हणून अख्खं गाव तिच्यापुढे पाठ वाकवून उभं राही. आणि पायाळूवर वीज पडते, म्हणून ढग वाजला की तेच गाव तिच्यापासून लांब पळे. साखराबाई म्हणाली, ऊठ बाई इथून. सत्यभामा उठली आणि उघड्या रानात जाऊन बसली. वीज चिंचेवर पडली.

हे सगळं गावाला सत्यभामानेच सांगितलेलं. सांगायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. गावाने ऐकलं आणि निकाल दिला, वीज हिलाच हुडकीत आलती. तेव्हापासून पाठ दाखवायला कुणी आलं नाही. तोंड दाखवायलाही नाही. आज मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, लोक ट्रॉलीत उभे राहून कीर्तन ऐकत होते. पण सत्यभामाच्या भोवतीची सतरंजी मोकळी होती.

महाराजांनी ते पाहिलं होतं. चाल अर्ध्यात सोडून त्यांनी विचारलं होतं, "लेकराला उलटं जल्माला घालायचं अन् मंग त्याच्यावरच ईज सोडायची, इतका दगडाच्या काळजाचा हाय का माझा पांडुरंग?"

"न्हाई!" मांडव गरजला. टाळ्या पडल्या. बायांनी डोळे पुसले. सत्यभामाकडे मात्र कुणी वीतभरसुद्धा सरकलं नाही.

मग विजयमालाबाई उठल्या होत्या. विद्यापीठातल्या. वीज पडून माणसं गेली, की त्या गावात जाऊन लोकांच्या समजुतींचा अभ्यास करायच्या. मनाने भली बाई. गावाने टाळलेल्या सत्यभामाच्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली, तिच्याबरोबर रडल्या. पण रडतानाही बाईंच्या मनात कुठेतरी उजेड पडला होता. असंच उदाहरण त्या कधीच्या शोधत होत्या. पायाळू उघड्यावर बसून वाचली, बाकीच्या गेल्या. मागे आष्टीकडच्या एका गावात वीज पडून पायाळू माणूसच गेला होता. तो झाडाखाली उभा होता, दोष झाडाचा, असं म्हणून त्यांनी ते उदाहरण अभ्यासातून वगळलं होतं. झाड इथेही होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"रामकिसनभाऊ," त्यांनी साखराबाईच्या नवऱ्यालाच विचारलं होतं, "वीज पायाळूला शोधत येते ना? मग ही उघड्यावर बसलेली असताना झाडावर का पडली?"

"कावून म्हंजे?" रामकिसन उभा राहिला. "ती झाडाखाली व्हती तवाच ईज निघालती वरून. ही उठली. ईजंला काय ठावं, ही उठली म्हनून?"

"आणि हिच्यावरच पडली असती तर?"

"तर काय, पायाळूच व्हती की!"

माना डोलल्या. "बराबर हाय," कुणीतरी म्हणालं. मागून एक जण ओरडला, "भाऊ, तुझी उसण आता कोन काढंल रं?" थोडं हसू फुटलं. रामकिसन हसला नाही. मटकन खाली बसला आणि पटक्याचं टोक तोंडात धरून रडू लागला.

विजयमालाबाईंनी तेव्हाच माईक सत्यभामाकडे नेला होता. तिने एकदा म्हणायचं होतं की हे खोटं आहे. महाराज पाठीशी होते, विज्ञान पाठीशी होतं. एवढ्या एका शब्दावर तिच्यावरचा ठपका निघणार होता.

सत्यभामाने पदर सावरला. माईक किंचाळला. ती महाराजांकडे बघत म्हणाली, "महाराज, गावाचं खरं हाय. ईज माझ्यासाठीच आलती."

मांडवातून लांब सुस्कारा निघाला. बाया एकमेकींकडे बघून माना हलवू लागल्या. विजयमालाबाईंनी घाईने माईकवर तळवा दाबला.

"असं काय करता? मी काल किती समजावलं तुम्हाला! खोटं आहे हे, साफ खोटं!"

"समजलं मला ते. कालच समजलं." सत्यभामाचा आवाज आता फक्त विजयमालाबाईंपुरता होता. "बाई, मी उठले तवा मंगल माझ्या मागं पळत आलती. मी बी तुझ्यापाशीच बसते म्हनली. मी पायाळू, माझ्याजवळ नको, म्हनून मी तिला दोन धपाटे घातले अन् माघारी झाडाखाली हाकललं. आता तुमी म्हनता हे खोटं हाय. मंग माझी लेक कुनी मारली, तेवढं सांगा."