सैल पातं

साखर कारखान्यानं माणसं कमी केली आणि उसाच्या रसातली मळी गाळणाऱ्या फिरत्या ड्रमपाशी रामलिंग एकटाच उरला. बायको वारल्यापासून घरीही बोलायला कुणी नव्हतं. ड्रमवरचा थर खरवडणारं पातं सैल झालं, तरच दुसरा माणूस यायचा. एकानं पातं होल्डरात सरळ धरायचं, दुसऱ्यानं नट आवळायचे, असं ते दोघांचंच काम. म्हणून रामलिंग अधूनमधून एक नट स्वतःच ढिला करून ठेवायचा. मग बॉयलरवरून धम्मानंद यायचा.

“काय रामलिंगभाऊ, तुमचं पातं लई नाजूक झालंय! जेवलाव का न्हाई?”

एवढं कुणीतरी विचारावं, यासाठी ही सगळी चोरी.

यंदा साहेबानं सैल न होणारे नवे नट आणले. “आता कुणाला बोलवायची गरजच नाही,” म्हणाला. कामावरची माणसं एकमेकांशी बोलतात, हे त्या शहाण्याच्या डोक्यात कधी आलंच नसेल. रामलिंगनं पाना लावून जीव काढला, पण नट हलेना. हळूहळू तो ड्रमशीच बोलू लागला.

आज डबा खाऊन परत आला, तर पातं खडखडत होतं. त्यानं घाईनं ड्रम थांबवला आणि निरोप धाडला. धम्मानंद आला, खांद्यावर बॉयलरचा हातभर लांब पाना घेऊन.

“काय भाऊ, नवे नट बी तसलेच निघाले की!”



त्याच्या बाहीला मळीचा ओला डाग होता, आणि ड्रमला तर त्यानं अजून हातही लावला नव्हता.