पाठ

स्पर्धकांची नावं बंद पाकिटांत होती, समोर नुसते फोटो. त्यातला एक परीक्षकांनी उचलला आणि मान डोलावली. कृष्णधवल फोटो, पाठमोरी बसलेली एक बाई. चेहरा नाही, उघडी पाठ तेवढी. आणि तिच्यावर उजेड असा उतरलेला, की जणू कुणी छिन्नीने दगड तासला असावा.

"हे शरीर नाही, शिल्प आहे! पहिला नंबर," ते अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले. उभा जन्म असेच फोटो काढण्यात गेला होता त्यांचा; त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. बायको एकदा हौसेने म्हणाली होती, "माझाही काढा ना असा एखादा." तेव्हा त्यांना हसू आलं होतं. "अगं, त्याला मुळात अंगात रेषा असावी लागते."

भिंतीवर काळा पडदा लावायला आलेला शिंपी स्टुलावरून उतरला आणि फोटोपाशी थबकला.

"साहेब, ही तर आपल्या वहिनींची पाठ!"

"काहीतरीच काय!"

"डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, बघा. वीस वर्षं त्यांचे कपडे शिवतोय. दर वेळी तिथे पट्टी घालावी लागते."

परीक्षकांनी घाईघाईने त्या फोटोचं पाकीट फोडलं. आत बायकोचं नाव आणि तिच्याच अक्षरातल्या दोन ओळी:

"तुमच्याच कॅमेऱ्याला टायमर लावून काढलाय. नंबर नको, रेषा दिसली का तेवढं सांगा."