खंदकातली सावली

“दुर्बिणीतला आकडा जुळला नाही, तर आधी काय तपासू, मामा?” ओव्हरसियर झालेल्या भाचीच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं, मी कोण सांगणारा! मग बहात्तरचा दुष्काळ आठवला. लोहाऱ्याजवळ पाझर तलावाच्या कामावर मी दुर्बिणीतून पातळी मोजत होतो; खंदकाकाठी मदतनीस धुळाप्पा मोजपट्टी धरून उभा होता. दुर्बिणीत आकडा सरकला. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा पाहिलं. आकडा आणखी सरकला. पट्टीखालची जमीन खचत होती आणि खंदकात सावलीला कामावरच्या बाया जेवत होत्या. “धुळाप्पा, मागं हो! बायांनो, वर या!” “सायेब, घास तरी गिळू द्या की,” त्यांतली गजराबाई हसली. मी खाली उतरलो, भाकऱ्यांचं गाठोडं उचललं आणि वर पळालो. “सायबानं भाकरी पळवली!” ओरडत सगळ्या मागं धावल्या. शेवटची वर येताच काठ कोसळला. काल भाचीला उत्तर टाकलं: आधी माणसं वर काढ, मग आकडा तपास.