गमबुटातला चाकू

"अंकल, कुठल्या पायात लावणार?" कल्पेशने विचारलं.

ॲन्सेल्म गोंधळले. गमबुटात अडकवायचा चाकू घ्यायलाच ते भुईगावहून आले होते. पण पाय कुठला, हे कुणी विचारेल असं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. शेजारी त्यांची मुलगी रोवेना उभी होती.

"उजव्या," ते म्हणाले. "मी काय डावरा आहे?"

डावरा कुणीच म्हटलं नव्हतं.

"तसं नाय अंकल. म्यानाची क्लिप एकाच बाजूला बसते. आता उजव्याची आहे. डाव्याला पायजे तर दोन स्क्रू काढून फिरवायची. लगेच करून देतो."

"नको नको. उजवाच."

कल्पेशच्या दुकानात गमबूट, ताडपत्र्या, दोरखंड आणि बॅटऱ्या होत्या. त्यात हे चाकू नवे. तुंगारेश्वरला ट्रेकिंगला जाणारी पोरं नेतात, असं तो सांगत होता. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, म्हणून तो एकेक चाकू काउंटरच्या काचेवर ठेवी आणि हात मागे घेई. गिऱ्हाइकाने उचलायचा. ही रीत ॲन्सेल्म लहानपणापासून पाळत आले होते. आज पहिल्यांदाच ती त्यांना नकोशी झाली. काचेवर आडवी पडलेली वस्तू उचलायला अंगठा लागतो.

उजवा अंगठा पंधरवड्यापासून काही धरत नव्हता. घडीचा चाकू ते वाडीत केळीच्या आड जाऊन दातांनी उघडत; गमबुटातला उघडावा लागणार नव्हता. रोवेनाने तर मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच बजावलं होतं, "पप्पा, हात चालेनासा झाला ना, की वाडी दुसऱ्याला कसायला देऊन टाकायची. मी ऐकणार नाही." वाडी गेल्यावर सकाळी उठून कुठे जायचं, हे त्यांना अजून सुचलं नव्हतं.

"हा बघा," कल्पेश म्हणाला, "अख्खं पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय. तुटणार नाय. पण महाग आहे."

"महाग नको."

"मग हा. दोन्ही बाजूंनी धार."

"आणि तो गमबुटात घालून मी वाकायचं?" ॲन्सेल्म म्हणाले. "पोटरी कापून घेऊ?"

"हा लाकडी मुठीचा. स्वस्तात मस्त."

"लाकूड चिखलात फुगतं."

"हा पोलादी मुठीचा."

"घामाने घसरतो."

"अंकल, तुम्ही अजून एक पण हातात घेतला नाय," कल्पेश हसून म्हणाला. "सगळे नुसते नजरेनेच नापास केले."

रोवेनाही हसली. ॲन्सेल्म हसले नाहीत. काळ्या रबरी मुठीचा, एका धारेचा, सगळ्यांत स्वस्त चाकू तेवढा उरला होता. त्याला काय नाव ठेवावं ते त्यांना कळेना.

"कापून बघा ना," रोवेना म्हणाली. "सोपट आणलंय ना तुम्ही?" तिनेच त्यांच्या खिशातून केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाची पट्टी काढली आणि दोन्ही हातांनी ताणून धरली. "हं. कापा."

डावा हात पुढे करावा तर ती बघत होती. उजवा करावा तर तो काय करील याचा भरवसा नव्हता. ॲन्सेल्मनी उजव्या हाताच्या चार बोटांनी चाकू काचेवरून काठापर्यंत सरकवत आणला आणि बाहेर आलेली मूठ मुठीत कोंबली. पातं सोपटात निम्म्यापर्यंत गेलं. मग मूठ फिरली आणि चाकू फरशीवर खणकन पडला. काउंटरमागे कल्पेशनेही पाय उचलले.

"मूठ गुळगुळीत आहे," ॲन्सेल्म म्हणाले.

"अंकल, रबराची आहे."

"म्हणूनच."

रोवेना अर्धवट कापलेल्या सोपटाकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने चाकू उचलला, टोक निरखलं आणि काचेवर ठेवला.

"हाच द्या," ती म्हणाली.

"हा? आता पडला ना तो?"

"पडून टोक वाकलं नाही, पप्पा. आणि तुम्हाला स्वस्तातलाच हवा होता ना?"

स्कूटरवर मागे बसून ॲन्सेल्म सगळ्या रस्त्याने तिच्या प्रश्नाची वाट बघत होते. उत्तरंही जुळवून ठेवली होती. मूठ, घाम, जुना चष्मा. तिने काहीच विचारलं नाही. वळणावर "नीट धरा" एवढंच म्हणाली. कुठल्या हाताने, ते म्हणाली नाही. तिने पाहिलं की नाही, याचा त्यांना काही उलगडा होईना.

संध्याकाळी तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी चाकू उजव्या गमबुटात अडकवला आणि बूट मागच्या दाराशी ठेवले. ती वह्या तपासत होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

सकाळी उजवा बूट रिकामा होता.

ॲन्सेल्म त्याच्याकडे बघत उभे राहिले. चाकू काढून घेतला म्हणजे वाडीचं ठरलंच. आता काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, काही सुधरेना. आत स्टोव्हवर चहा उकळत होता.

"पप्पा, पाटाला पाणी आलंय," स्वयंपाकघरातून रोवेनाचा आवाज आला. "चहा घ्या आणि निघा. ऊन वाढेल."

ते स्टुलावर बसले. उजवा बूट चढवला. डावा घालायला वाकले, तर हाताला चाकूची रबरी मूठ लागली. म्यान डाव्या बुटात बाहेरच्या अंगाला बसवलेलं होतं, मूठ वर, डाव्या हातात नेमकी येईल अशी. क्लिप फिरवली होती. स्क्रू-ड्रायव्हर घरात नव्हता. दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर भाजीच्या सुरीचे ओरखडे होते.