दुधाची बाटली

लेसुदाने दीड वर्ष गेंड्याच्या पोरक्या पोरीला बाटलीने दूध पाजलं होतं. आता तिच्या नाकावर शिंग वाढत होतं, आणि शिंगासाठीच माणसांनी तिच्या आईला मारलं होतं. तिला माणसाची भीती बसल्याशिवाय सांबुरू गुराख्यांच्या मुलखातल्या अभयारण्यात सोडणार नव्हते, म्हणून महिनाभर तो मन घट्ट करून तिला खडे मारून पिटाळत होता. आज परीक्षा होती. त्याने कुंपणापाशी बाटली उंचावून नेहमीची शीळ घातली. ती कान टवकारून दोन पावलं पुढे आली, थबकली, वळली आणि झुडपांत निघून गेली. "पास झाली तुमची लेक, बाबा," वनरक्षक तरुणी म्हणाली. त्याच्याकडून घेतलेली बाटली तिला जड, कोमट लागली. "नुसती दाखवायची होती ना? भरलीत कशाला?" लेसुदा झुडपांकडेच बघत होता. "आपल्यात रिकामं भांडं दाखवून जनावराला बोलावतात का गं? आली असती, तर?"