नळ आणि मगर

नळ आपल्याला शिव्या देतो म्हणून काका काठी घेऊन घरभर फिरू लागले, तेव्हा त्यांना इस्पितळात ठेवलं. पहिल्या औषधानं नळ गप्प झाला, पण काका नर्सला रंगवून सांगू लागले, "मी मगरीवर बसून शाळेत जायचो. येताना दप्तर तीच धरायची!"

डॉक्टर म्हणाले, "भ्रम उरलाय. दुसरं औषध देऊन बघू."

नवरा थापाड्या आहे हे सांगायची काकूंना लाज वाटली.

दुसऱ्या औषधावर काका नुसते भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "काका, मगर?"

"खोटं बोलायचो मी. माफ करा."

डॉक्टर खूश झाले. काकू मात्र मान खाली घालून म्हणाल्या,

"डॉक्टर, पहिलंच औषध बरं होतं. नळ आजाराचा होता. मगर आमच्या घरची आहे."